बादलीतली झोप

माझी नोकरीची मुलाखत होती आणि मी पर्यावरणस्नेही बांधकाम पाठ करून आले होते. टेबलापलीकडे प्राचार्य मॅडम, संस्थेचे अध्यक्ष आणि कडेला पांढऱ्या भुवयांचे एक गृहस्थ बसले होते. पहिल्या दोघांनी रीतसर प्रश्न विचारले, मी रीतसर उत्तरं दिली. मग त्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "दुपारची कुठं पडतेस, बाय?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. "सर, दुपारी मी काम करते," असं मी बाणेदारपणे सांगितलं.

"अरेरे," ते म्हणाले, आणि समोरच्या कागदावर एक फुली मारली.

नोकरी मला तरीही मिळाली. त्या गृहस्थांचं, म्हणजे राऊत सरांचं, कोणी ऐकत नाही, हे रुजू झाल्यावर कळलं.

आमचं आर्किटेक्चर कॉलेज वसई पूर्वेला, सातिवलीच्या गाळ्यांमध्ये आहे. डावीकडे पुठ्ठ्याची खोकी बनतात, उजवीकडे कसल्याशा स्प्रिंगा, आणि मधल्या शेडमध्ये आम्ही देशाचे भावी आर्किटेक्ट बनवतो. पूर्वी तिथं प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या. कारखाना आमच्या अध्यक्षांचाच. त्यांना सगळे शेठ म्हणतात. बादल्यांमध्ये राम उरला नाही तेव्हा त्यांनी यंत्रं विकली, भिंतींना रंग दिला आणि शिक्षणक्षेत्रात उडी घेतली.

पण शेड मात्र नशिबानं अशी मिळाली की मुद्दाम बांधली असती तरी जमली नसती. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि दात्यांच्या उभ्या बाजूंना उत्तरेकडे तोंड करून काचा. त्यामुळे दिवसभर असा उजेड की कागदावर हाताची सावली पडत नाही. खाली एकच एक अवाढव्य हॉल. पाचही वर्षांची मुलं त्यातच बसतात. पहिल्या वर्षाच्या मुलीचं मॉडेल कोसळलं की पाचव्या वर्षातला कुणीतरी दादा गोंदाची बाटली घेऊन धावतो आणि पुढच्या वर्षी त्यांचं जमतं. या हॉलचं कागदोपत्री नाव मुख्य स्टुडिओ. पोरं त्याला बादली म्हणतात. "बादलीत भेट", "बादलीत सबमिशन आहे", "बादलीत जेवू नये, हुकमावरून". मेमध्ये त्या पत्र्याखाली भाकरी भाजून निघेल, पण बादलीवर सगळ्यांचा जीव.

आणि या बादलीच्या एका खांबाशी, वर्कशॉपच्या दाराजवळ, रोज दुपारी जेवण झालं की राऊत सर चटई टाकून झोपत.

त्याला ते झोप म्हणत नसत. ते त्याला 'परीक्षण' म्हणत. सरांचा सिद्धांत असा, की इमारत कळायची तर तिच्यात दुपारी पडून बघावं लागतं. "उभ्यानं सगळ्याच इमारती शहाण्यासारख्या दिसतात. फोटो उभ्यानं काढतात ना. आडवं झालं की खरं काय ते कळतं." वारा कुठून येतो, छत डोक्यावर बसतं की नाही, कुठली भिंत तापते, हे म्हणे पाठीला समजतं, डोळ्यांना नाही. त्यांची गुणपद्धतीही ठरलेली होती. पूर्ण झोप म्हणजे विशेष प्रावीण्य. डुलकी म्हणजे प्रथम श्रेणी. नुसतेच डोळे मिटले तर काठावर पास. आणि एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर व्हावं लागलं, तर नापास. या शेवटच्या निकालाला ते नुसतं 'कूस' म्हणत.

कॉलेजची प्रत्येक जागा त्यांनी अशी तपासली होती. लायब्ररी: कूस. वातानुकूलित सेमिनार हॉल, जो दाखवायला शेठ पाहुण्यांना हाताला धरून नेत: कूस. कॉम्प्युटर लॅबमध्ये नुसते डोळे मिटले. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर डुलकी लागली, पण तिथं कुणीतरी त्यांच्यावरून उडी मारून गेलं. पूर्ण झोप फक्त बादलीत. प्राचार्य मॅडम एकदा वैतागून म्हणाल्या, "सर, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा म्हणतात. खरी झोप आली की माणूस जागा बघत नाही." सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, ती म्हण ज्यानं केली तो आर्किटेक्ट नव्हता."

चटई न्यायची त्यांची युक्ती खास होती. आमच्या विद्यार्थ्यांच्या खांद्याला ड्रॉइंगच्या गुंडाळ्या ठेवायची लांब नळी लटकलेली असते. सरांच्याही असे. बाहेरगावचे परीक्षक त्या नळीकडे आदरानं बघत. एवढे ज्येष्ठ प्राध्यापक, अजून स्वतःची ड्रॉइंगं खांद्यावरून वाहतात. मग जेवणानंतर सर टोपण उघडत आणि आतून चटई आणि फुग्याची उशी निघे. एका परीक्षकांचा तो आदर पाहता पाहता उतरला, मी समोर होते.

विद्यार्थ्यांच्या परीक्षेला आमच्याकडे ज्युरी म्हणतात. मुलानं भिंतीवर ड्रॉइंगं लावायची, समोर मॉडेल ठेवायचं, आणि आम्ही चार-पाच जणांनी त्याची साल काढायची. बाकीचे परीक्षक संकल्पना, संदर्भ वगैरे विचारत. सर एकच विचारत, "पडून बघितलंस का?" कुणी विमानतळ केला, तर "फ्लाइट लेट झाली की आडवं कुठं व्हायचं?" कुणी न्यायालय केलं, तर "तारीख पडेपर्यंत पक्षकार कुठं पडणार?" एकदा एका मुलीनं स्मशानभूमीचं डिझाइन केलं होतं. आम्हाला वाटलं, चला, इथं तरी प्रश्न खुंटला. सरांनी मॉडेलला डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "इथं तरी माणसाला नीट पडता आलं पाहिजे गं. चार माणसं वळतील एवढी जागा कुठाय?" ती आधी हसली, मग रडली, मग तिनं प्लॅन सुधारला. तो खरंच सुधारला.

पोरं त्यांना पाठीमागे 'आडवे सर' म्हणत. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे. उभे सर बाकी सगळे आहेत."

एकदा दुसऱ्या वर्षाला घेऊन आम्ही वसईच्या किल्ल्यात मोजमापं घ्यायला गेलो होतो. मुलं टेप धरून भिंतींना लटकली आणि सर एका छप्पर उडालेल्या चर्चमध्ये चटई टाकून परीक्षणाला लागले. फिरायला आलेल्या एका कुटुंबाला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली. बघता बघता घोळका जमला. कुणी वारा घालतंय, कुणी कांदा आहे का विचारतंय, आणि एका काकूंनी बाटलीतलं अख्खं पाणी त्यांच्या तोंडावर ओतलं. सरांनी एक डोळा उघडला. "डुलकीच होती. तशीही जमीन ओली आहे," म्हणाले, आणि काकूंचे आभार मानून उठले.

मी विरारला फ्लॅट बघायला गेले तेव्हा माझ्या दुर्बुद्धीनं त्यांना सोबत नेलं. बिल्डरच्या माणसानं सॅम्पल फ्लॅटचं दार उघडलं, आणि सर सरळ बेडरूमच्या लादीवर आडवे झाले. तो बिचारा म्हणाला, "सर, बेड आहे ना." "बेडवर कोण पण झोपेल," सर डोळे न उघडता म्हणाले. थोड्या वेळानं उठून मला बाजूला घेतलं. "घेऊ नको, बाय. शेजारचा मिक्सर पाठीच्या कण्यातून जातो." मी अर्थातच घेतला. आज सकाळी शेजारी नारळाची चटणी होती, मला कण्यातून कळलं.

आता हे सगळं ऐकून तुम्हाला जे वाटलं, तेच स्टाफरूमचंही मत होतं. म्हाताऱ्याला दुपारी झोप लागते, ते लपवायला सिद्धांत काढलाय. झोपेला शास्त्राची गोधडी. मीही याच पंथाची, आणि पंथातली बऱ्यापैकी वाचाळ. सरांना ते माहीत होतं. ते काही बोलत नसत. चटई झटकत, गुंडाळत आणि दुपारनंतर टवटवीत होऊन पोरांच्या मागे लागत.

मग शेठना काच दिसली.

ते कुठल्याशा मोठ्या कॉलेजच्या उद्घाटनाला गेले होते. तिथं सगळीकडे काचा. काचेच्या पलीकडे एसी, एसीत मुलं, आणि आवाज म्हणून नाही. परत आले ते बेचैन होऊनच. मीटिंगमध्ये म्हणाले, "आपला तो हॉल म्हणजे मासळी बाजार वाटतो. पालक येतात, काय बघतात? कचरा, गोंद, गोंगाट. प्रत्येक वर्षाला वेगळी काचेची खोली करू. साउंडप्रूफ." प्राचार्य मॅडमनी मान डोलावली. आम्ही सगळ्यांनी डोलावली. देवाजीच्या मनात आलं की आपण मान डोलवायची, ही शिक्षणक्षेत्राची रीत आहे.

राऊत सर तेवढे उभे राहिले. मी त्यांना मीटिंगमध्ये उभं राहिलेलं प्रथमच बघत होते. "बादली तोडायची नाही," ते म्हणाले. आवाज चढलेला होता. शेठ समजुतीनं म्हणाले, "राऊत, तोडत कुठं आहे, पार्टिशन टाकतोय." "तेच ते," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, सर, एवढं काय? पोरं काचेतही शिकतील. ते वर्कशॉपच्या दाराशी थांबले. रागावले किंवा हळवे झाले की त्यांच्या तोंडी घरची बोली येई. "मना हा हॉल पायजे," म्हणाले. विद्यार्थ्यांना पाहिजे, असं नाही म्हणाले. मला पाहिजे म्हणाले. मला तेव्हा ते जरा हट्टीपणाचंच वाटलं.

पण माणूस जिद्दीचा. त्यांनी लढाई आखली, आणि तीही स्वतःच्याच हत्यारानं. शेठ अंतिम निर्णयासाठी यायचे होते त्या दिवशी सरांनी कॅन्टीनमध्ये स्वतः उभं राहून स्वयंपाक करून घेतला. तळलेली पापलेटं, कोलंबीचं कालवण, वाफाळता भात, वरून सोलकढी, आणि शेठचा हात थांबला की सर स्वतः वाढत होते. जेवण झाल्यावर शेठना दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच. सर म्हणाले, "शेठ, निर्णय तुमचा. फक्त एकदा पडून बघा." आणि खांबाशी चटई पसरली.

शेठनी इकडंतिकडं बघितलं. सफारीची बटणं सैल केली. "पाच मिनिटं हां," म्हणाले आणि आडवे झाले.

बादलीत नेहमीचा कल्ला चालू होता. कुणी कटरनं पुठ्ठा कापतंय, कुणी फूटपट्टी आपटतंय, वर्कशॉपमध्ये पॉलिशपेपर घासला जातोय, मागे कुणाच्या तरी फोनवर कोळीगीत, आणि पाचव्या वर्षाची मुलं जिन्याच्या पायऱ्यांवरून भांडत होती. शेठ क्षणात घोरायला लागले. ते घोरणं ऐकून स्प्रिंगांच्या गाळ्यातला एक कामगार डोकावून गेला. ठरलेली मीटिंग टळली, चहा दोनदा गार झाला, प्राचार्य मॅडम फायली घेऊन चटईभोवती घिरट्या घालत होत्या, पण झोपलेल्या अध्यक्षांना उठवायचं कुणी, याबद्दल नियमावलीत काही नव्हतं. सर बाजूला स्टुलावर बसून होते. मुलगी बघायला आलेल्यांनी दुसऱ्यांदा पोहे मागितल्यावर बापाचा चेहरा होतो, तसा त्यांचा झाला होता.

उन्हं कलल्यावर शेठ उठले. डोळे चोळले. मग म्हणाले, "राऊत, तुम्ही सांगता ते शंभर टक्के खरं. इतकी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. काय जागा आहे."

"म्हणजे बादली राहणार?" सरांनी विचारलं.

"ते पार्टिशन तर होणारच. पण माझी केबिन इथंच करा. याच खांबाला धरून."

सिद्धांत जिंकला आणि सर हरले. त्याहून वाईट म्हणजे कॅम्पसचे इन्चार्ज तेच, त्यामुळे केबिनचा प्लॅनही त्यांनाच काढावा लागला. त्यांनी तो काढला, नेटका काढला. हॉलला पत्रे लागले, धूळ उडाली, आणि बघता बघता बादलीचे पेले झाले. शेठच्या केबिनला जाड काच, एसी, आणि एक ऐसपैस सोफा. शेठ त्या सोफ्यावर एकदा पडले. आत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. तासभर या कुशीवरून त्या कुशीवर झाले आणि उठले. दुसऱ्या दिवशी वास्तुतज्ज्ञाला बोलावलं. त्यानं सोफ्याचं तोंड पूर्वेला करवलं, मग दक्षिणेला, मग कोपऱ्यात तुळस ठेववली. आर्किटेक्चर कॉलेजात बाहेरून वास्तुतज्ज्ञ आलेला मी पाहिला, आता डोळे मिटायला हरकत नाही.

या गमतीवर सरांनी हसायला हवं होतं. ते हसले नाहीत. नळी खांद्यावर असायची, पण टोपण उघडत नसत. दुपारी आपले कॉरिडॉरमधून फिरत राहायचे, काचेतून आत बघत. डोळे लाल, दाढी वाढलेली. माझा चौथ्या वर्षाचा वर्ग तेव्हा बेघर होता. आमच्या खोलीचं काम रखडलं होतं आणि आम्ही कॅन्टीनमध्ये बटाटेवड्यांच्या वासात नगररचना करत होतो. तिथंच एक छोटी ज्युरी झाली. सर आले, एकेक मॉडेल बघितलं आणि प्रत्येकाला "ठीक आहे" म्हणाले. एकालाही पडून बघितलंस का विचारलं नाही. जोएल म्हणून माझा एक उंच विद्यार्थी आहे, अर्नाळ्याचा, वर्गात सगळ्यात टवाळ. तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, मी चार मजली लायब्ररीत बसायला एक खुर्ची नाही दाखवली. तरी सर ठीक आहे बोलले. सर बरे आहेत ना?"

त्यानंतर सर आलेच नाहीत. फोन लागेना. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "तुझं त्यांच्याशी जमतं, जाऊन ये." त्यांच्याशी माझं जमतं, ही मला बातमीच होती. शनिवारी दुपारी मी रिक्षा करून पापडीला गेले.

सरांचं घर त्यांच्या वाडीत आहे. केळी, नारळ, सोनचाफ्याची झाडं, आणि मध्ये त्यांनी तरुणपणी स्वतः बांधलेलं बैठं घर. मी आजवर पुष्कळ नामवंतांची घरं पाहिली, पुस्तकांत आणि प्रत्यक्षात. हे घर बघून मी फाटकातच थांबले. त्या घरात उभ्या माणसासाठी काही नव्हतंच. पुढे लांब पडवी, तिला पाठ टेकायला उतरता कट्टा. खिडकीच्या तळाशी माणूस मावेल एवढी बैठक. माजघरात झोपाळा. मागच्या दारी चाफ्याखाली दगडी बाक. जिथं बघाल तिथं कुणीतरी पडावं म्हणून केलेली जागा, आणि प्रत्येक जागेवर वारा बरोबर येत होता.

सर पडवीत बसले होते. मला बघून धोतराचा सोगा सावरत उठले, "ये बाय," म्हणाले आणि स्वतः चहा करायला गेले. मी घरभर फिरून आले. चहा घेताना म्हटलं, "सर, इथं तर कुठंही पडलं तरी विशेष प्रावीण्य."

"मी पण तसंच काढलं होतं," ते म्हणाले. "ड्रॉइंगवर."

मी गप्प बसले. मला ते फारसं जमत नाही.

"आईबाप होते, दोघं भाऊ, त्यांच्या बायका, पोरं," ते म्हणाले. "कोण ना कोण पडलेला असायचा. कोण ना कोण जागा असायचा. मग एकेक करून गेले. कोण वरती, कोण कॅनडात. तरी नलू होती तोवर ठीक होतं. ती दुपारची इथं पडवीत फुलं निवडायची. रात्री पण मला आधी झोप लागायची, ती उगाच भांडी वाजवत राहायची. भांडायचो मी तिच्याशी, आवाज करतेस म्हणून."

नलू म्हणजे त्यांची बायको. ती गेल्याचं मला ऐकून ठाऊक होतं, पण मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट, त्यामुळे मी कधी विचारलं नव्हतं.

"घरात एक मानूस जागं असलं ना, की दुसऱ्याला झोप लागते," सर म्हणाले. "आता मी एकटाच. मग जागायचं कोणी नि झोपायचं कोणी? रातभर मीच राखण करत बसतो. सकाळ होते." त्यांनी कप खाली ठेवला. "पोरांना इतकी वर्षं सांगत आलो, वारा बघा, उजेड बघा, छताची उंची बघा. बादलीत वारा कटे होता? भट्टी ती. नुसता पत्रा. पण तुम्ही सगळे जागे होता. मना तेवढीच झोप मिळायची दिवसाची. सिद्धांत मागून काढला."

मला वाईट वाटलं. इतकं की त्यावर एकही विनोद सुचला नाही. मी बराच वेळ त्या उतरत्या कट्ट्याकडे बघत बसले. किती लांब पडवी होती ती. ड्रॉइंगच्या पाट्या ठेवल्या असत्या तर सबंध वर्ग मावला असता. हा विचार मनात आला आणि मी तो तसाच बोलून टाकला.

"सर, माझं चौथं वर्ष कॅन्टीनमध्ये सडतंय. मॉडेलांना तेल लागतं. सोमवारपासून इथं आणू?"

"इथं? घरी?"

"काम संपेपर्यंत. कचरा होईल. फार होईल."

ते उठले, आणि पडवीतल्या कुंड्या एकेक करून अंगणात नेऊन ठेवायला लागले.

प्राचार्य मॅडमनी 'क्षेत्रभेट' असं नाव देऊन परवानगी दिली. सोमवारी रिक्षांतून आणि स्कूटरींवरून माझा वर्ग पापडीत उतरला. थर्माकोल, पुठ्ठे, स्पीकर, वायरींची वेटोळी. शेजारच्या वाडीतली बाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "राऊतकाका, लगीन हाय का घरात?" सर म्हणाले, "नाय गं, स्टुडिओ हाय." तिला समजलं नाही, पण ती जाऊन केळ्यांचा फणा घेऊन आली.

पहिले काही दिवस सर नुसतेच फिरले. हळूहळू रंगात आले. जोएलच्या लायब्ररीसमोर थांबून म्हणाले, "खुर्ची नाही, ते जाऊ दे. पडून बघितलंस का?" जोएल म्हणाला, "नाही सर." "मग तो कट्टा बघ, पड, मोज, आणि मग काढ." आमच्या सुधारित नगररचनेतल्या सगळ्या लायब्ऱ्यांना आता उतरते कट्टे आहेत. पण सर दुपारी झोपले मात्र नाहीत. विद्यार्थी घरी आलेत, यजमान कसा झोपेल, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. पोरांना पाणी, पोरांना सरबत, असं चालू होतं.

ज्युरीसुद्धा आम्ही तिथंच घ्यायची ठरवली. आदल्या दुपारी पडवीत नुसता धुमाकूळ होता. एकाचं झाड चिकटेना, एकीचा नदीवरचा पूल नदीपेक्षा लहान निघाला, स्पीकरवर कसलंतरी ठणठण गाणं, आणि जोएल शेजारी काम करणाऱ्या मुलीशी कटरवरून हमरीतुमरीवर आलेला. मी आत पाणी प्यायला गेले, तर माजघरात खिडकीखालच्या बैठकीवर सर आडवे. चटई नाही, उशी नाही. चष्मा अजून कपाळावरच. तोंड किंचित उघडं आणि श्वास संथ चाललेला.

माझ्या मागोमाग जोएल आला. त्यानं बघितलं आणि जिभेचा शेंडा चावला. पडवीत जाऊन त्यानं स्पीकर बंद केला, तोंडावर बोट ठेवलं. पोरं गुणी आहेत, खुणा पोचल्या. फूटपट्ट्या थांबल्या, कटर थांबले, सगळे चवड्यांवर चालायला लागले. सगळं घर गप्प झालं. आत सरांच्या भुवया हलल्या. त्यांनी कूस बदलली.

मी पडवीत गेले.

"जोएल, हळू बोलू नकोस," मी म्हटलं. "सर झोपलेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग आत बघितलं. मग स्पीकर चालू केला आणि शेजारणीकडे वळून कटरचं भांडण पहिल्यापासून काढलं, मोठ्यानं.